'नाही' म्हणणारा गाईड

मार्च महिन्यातली सकाळ होती. ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे मुख्य जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, बांबूच्या एका रांजीपाशी आमची जिप्सी उभी होती. सांबराचा धोक्याचा कॉल दोनदा येऊन गेला होता. "चितळ उगाचंही ओरडते, सांबर नाही ओरडत," एवढं बोलून आमचा गाईड गप्प झाला होता. पाचेक मिनिटांनी बांबूच्या पिवळ्या पानांआड कान हलले आणि मग वाघिणीचं अख्खं डोकं दिसलं. ती उठली, रस्त्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि परत बसली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा ती उठायच्या आधीच गाईड ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी मागं घे."

माझा भाऊ चिडला. वर्षभर वाट बघून मिळालेली सफारी, नवी लेन्स, आणि वाघीण समोर असताना गाडी मागे? त्याने खिशातून पाचशेची नोट काढली. "दोन मिनिटं थांब रे. उठली की एक फोटो, मग जाऊ." गाईडने नोटेकडे पाहिलंही नाही. "तिले रस्ता पार कराचा हाये दादा. आपण हटलो का जाईन थे." आणि गाडी मागे गेली, चांगली दोनशे पावलं, वळणापलीकडे. तिथून काहीही दिसत नव्हतं. गाडीत सगळेच गप्प होते.

पाऊण तासाने आम्ही त्याच रस्त्याने परतलो. गाईडने गाडी थांबवली आणि खाली बोट दाखवलं. धुळीत आमच्याच टायरचे पट्टे होते आणि त्यांच्यावर वाघिणीचे ताजे पगमार्क उमटले होते. त्यांच्या बाजूने लहान पावलांच्या दोन ओळी गेल्या होत्या, एक जरा रेंगाळत, मध्येच वाकडी होऊन पुन्हा सरळ झालेली. आई पुढे वाकून बराच वेळ बघत राहिली. "पिल्लं आहेत हे तुला माहीत होतं?" मी विचारलं. त्याने मान हलवली. "सांगतलं असतं, त तुमी गाडी हटू देली नसती."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ते खरं होतं. पिल्लं आहेत असं त्याने सांगितलं असतं, तर आम्ही सहाही जणांनी, माझ्यासकट, त्याला तिथून हलू दिलं नसतं. आमच्यापासून जंगल वाचवण्यासाठी त्याला आमच्यापासून माहिती लपवावी लागली.

मी नागपूरला राहते, त्यामुळे उन्हाळा जवळ आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक, मैत्रिणी, ऑफिसातले लोक फोन करून विचारतात: कुठल्या गेटने जायचं, कुठला कॅम्प चांगला, गाईड कोण घ्यायचा? आणि दर वेळी या तिन्ही प्रश्नांच्या पोटात एकच प्रश्न असतो: वाघ कुठे नक्की दिसेल? माझं म्हणणं असं आहे की कॅम्प आणि गाईड निवडण्याची ही कसोटीच चुकीची आहे. ती केवळ चवीची किंवा आवडीची चूक नाही, त्या कसोटीने जंगलाचं प्रत्यक्ष नुकसान होतं. जो गाईड आपल्याला योग्य वेळी 'नाही' म्हणू शकतो तो चांगला गाईड, आणि ज्या कॅम्पचा मालक त्या 'नाही'च्या मागे उभा राहतो तो चांगला कॅम्प. बाकी पोहण्याचा तलाव, बुफे, खोलीतलं एसी या सगळ्या नंतरच्या गोष्टी.

ज्यांनी ताडोबा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९५५ साली ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६चं. १९९५मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर, म्हणजे गाभ्याचं जंगल, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि भोवतालचा बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. २०२२च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले, चार वर्षांपूर्वी ते ३१२ होते. एकट्या ताडोबात ९७. सागवान आणि बांबूचं कोरडं जंगल, उन्हाळ्यात पानं झडलेली, पाणी मोजक्याच ठिकाणी. त्यामुळे वाघ इथे इतर अनेक जंगलांपेक्षा सहज दिसतो. हे ताडोबाचं भाग्य आहे आणि तीच त्याची अडचण आहे. जिथे वाघ दिसणं हा योग असतो तिथे लोक जंगल बघायला शिकतात. जिथे तो बहुतेकांना दिसतो तिथे न दिसणं ही फसवणूक वाटायला लागते.

आता गाईड 'निवडण्याची' गोष्ट. ताडोबात गाईड आपल्याला हवा तसा निवडता येत नाही. गेटवर गाईडांची पाळी असते आणि पाळीने ज्याचा नंबर येईल तो आपल्या गाडीत बसतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा गेटांवरचे हे गाईड आसपासच्या गावांतले. त्यांत बायकाही आहेत, आणि माझ्या अनुभवात पक्ष्यांबद्दल सगळ्यात नेमकं बोलणारी गाईड एक बाईच होती. पाळीची ही पद्धत मला योग्य वाटते, कारण त्यात मोजक्या नावाजलेल्या गाईडांकडे सगळं काम जात नाही. पण याचा अर्थ असा की माणूस निवडणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते त्या माणसाला आपण कसं वागवतो ते. तो गाडीत बसल्या बसल्या आपण पहिलं वाक्य काय बोलतो, यावर पुढचे चार तास ठरतात. "भाऊ, आज वाघ दाखवलात तर खूश करून टाकू," हे ते नेहमीचं वाक्य. आपल्याला ते आपुलकीचं वाटतं. त्याच्या बाजूने बघितलं तर तो सौदा आहे. वाघ दिसला तर हजार, नाही दिसला तर शंभर, किंवा नुसतंच 'थँक्यू'. ज्याच्या घरचा महिन्याचा किराणा अशा नोटांवर ठरतो, त्याच्याकडून वीस मीटरचं अंतर पाळण्याची अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

वीस मीटर हा आकडा मी सहज घेतलेला नाही. जुलै २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मग बंदी उठली. प्राण्यापासून किमान वीस मीटर दूर राहायचं, त्याला घेरायचं नाही, आमिष दाखवायचं नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. कोअरच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन चालावं, हेही त्यातच आहे. नियम आहेत. ते पाळायला लावणारा माणूस मात्र प्रत्येक गाडीत एकटा आहे, त्याच्या समोर सहा पाहुणे आहेत, आणि त्याची बक्षिशी त्या सहांच्या खिशात आहे.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला काय झालं ते बहुतेकांनी मोबाईलवर पाहिलं असेल. एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते आणि दोन्ही बाजूंनी जिप्सी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारीत स्वतःहून त्याची दखल घेतली. गाईड आणि जिप्सीचालकांचं निलंबन झालं, दंड झाले. ती कारवाई हवीच होती, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण तो व्हिडिओ पुन्हा पाहताना माझं लक्ष गाड्यांत उभ्या राहिलेल्या माणसांकडे जातं. वर्षाचा शेवटचा दिवस, मिळालेलं बुकिंग, उचललेले कॅमेरे. तिथल्या एखाद्या गाईडने 'मागे घे' म्हटलं असतं, तर गाडीतल्या किती जणांनी ते ऐकून घेतलं असतं? आमच्या गाडीत नोट बाहेर आली होती. मी हे दुसऱ्यांबद्दल लिहीत नाही.

यावर एक उत्तर नेहमी येतं. वाघांना आता गाड्यांची सवय झाली आहे, ते ढुंकूनही बघत नाहीत, मग एवढं काय? वाघ गाडीशेजारून निवांत चालत जातो हे मीही पाहिलं आहे, म्हणून हे उत्तर मला अनेक वर्षं पटत होतं. मग हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांचं काम वाचनात आलं. कान्हा आणि बांधवगडच्या वाघांची विष्ठा गोळा करून त्यांनी तिच्यातलं ताणाच्या संप्रेरकांचं प्रमाण मोजलं. पर्यटनाच्या हंगामात ते वाढलेलं होतं. २०१९मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाघ ढुंकून बघत नाही, याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा होत नाही. असा ताण टिकून राहिला तर प्रजननावरही परिणाम होऊ शकतो, ही त्यातली खरी काळजी. रस्त्याकडे बघून परत परत खाली बसणारी आमची वाघीण मला हे वाचताना आठवली. तीही आमच्यावर गुरगुरली नव्हती.

दुसरं उत्तर याहून वजनदार आहे. पर्यटक येतात म्हणून जंगलावर लोकांचं लक्ष राहतं, गावांना रोजगार मिळतो, गावकऱ्यांना वाघ जिवंत असण्यात फायदा दिसतो. हे मला पूर्ण मान्य आहे. २०१२च्या बंदीच्या वेळी गेटवरच्या गावांची जी घालमेल झाली ती मी विसरलेले नाही. पर्यटन बंद करा असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. पण हाच युक्तिवाद पुढे नेला तर तो माझ्याच बाजूने येतो: पर्यटनाचं समर्थन जर गावांच्या नावाने करायचं असेल, तर पैसा गावात पोचतो का आणि तो कशाच्या बदल्यात पोचतो, हे विचारावं लागेल.

मोहाच्या दिवसांत पहाटे साडेपाचला गेटकडे जाताना रस्त्याच्या कडेला टॉर्चचे उजेड हलताना दिसतात. बायका टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायला आलेल्या असतात. वाकून, झाडाखाली, अंधारात. आपण लोखंडी गाडीत सहा जण, सोबत गाईड, आणि वाघ दिसावा म्हणून देवाला हात जोडलेले. त्याच रस्त्यावर ती बाई एकटी, आणि वाघ दिसू नये म्हणून हात जोडलेली. मे २०२५मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जिल्ह्यातले पुष्कळ वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, ब्रह्मपुरीसारख्या वनविभागांत, शेतांना आणि गावांना लागून राहतात. या जिल्ह्यात वाघ वाढले ते या लोकांनी सोसलं म्हणून वाढले. कोअरमधून नवेगाव, जामणी, बोटेझरी अशी गावं उठून बाहेर गेली. आपण ज्या मैदानात उभे राहून चितळांचे कळप बघतो, त्यातलं एखादं मैदान कधीकाळी कुणाचं शिवार होतं.

म्हणून कॅम्पची निवड मला चारचाकी किंवा हॉटेल निवडण्यासारखी वाटत नाही. गेटांच्या आसपास रिसॉर्टांची रांग लागली आहे. त्यातल्या एकात आम्ही एकदा राहिलो होतो. नाव सांगत नाही, कारण तो एकटाच तसा नव्हता. आवाराला उंच जाळीचं कुंपण, ते थेट नाल्यापर्यंत गेलेलं. नाल्याच्या पलीकडे जंगल. कुंपणावर रात्रभर पांढरे झोतदिवे. जेवणाच्या वेळी हिरवळीवर मोठ्या आवाजात गाणी, कुणाचा तरी वाढदिवस होता. मी मॅनेजरला विचारलं की नाल्यातून जनावरं येत-जात असतील ना? "आधी यायची, आता नाही येत, काळजी करू नका," तो म्हणाला. मी घाबरले आहे असं त्याला वाटलं होतं. त्या माणसाचा दोष मला वाटत नाही, त्याला पाहुण्यांच्या तक्रारींवरून हेच उत्तर शिकवलं गेलं होतं. पण जंगल बघायला आलेल्यांसाठी जनावरांची वाट बंद करणं, आणि ते सुरक्षिततेची हमी म्हणून सांगणं, याचा मला त्या रात्री फार त्रास झाला.

तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी फोनवर प्रश्न विचारते. कुंपण कसलं आहे आणि कुठपर्यंत? रात्री बाहेरचे दिवे कधी बंद होतात? सांडपाणी कुठे जातं? कामाला कोण आहे, आणि त्यातले गेटजवळच्या गावांतले किती? नुसते झाडू मारायला आणि भांडी घासायला नाही, तर स्वयंपाकघरात मुख्य कोण, ऑफिसात कोण, जंगलाची माहिती सांगणारा कोण? ज्याला उत्तरं माहीत असतात तो पटापट सांगतो, त्याला विचारलेलं आवडतं. ज्याला नसतात तो "मॅडम, सायटिंग एकदम मस्त चालू आहे" अशी सुरुवात करतो. त्या वाक्यावर मी फोन ठेवते. हमखास वाघ दाखवण्याची जाहिरात करणाऱ्या कॅम्पला एक रुपयाही देऊ नये असं माझं ठाम मत आहे. वाघाची हमी द्यायची तर ती पाळायलाही लागते, आणि ती पाळायची म्हणजे चालकावर दबाव आणायचा, दुसरा मार्गच नाही.

राहण्यासाठी गावातल्या घरगुती सोयीही आता आहेत. मोहर्लीला आम्ही अशा एका घरी उतरलो होतो. रात्री जेवताना घरच्या बाईने सांगितलं की गॅस आल्यापासून लाकडासाठी जंगलात जाणं कमी झालं. राज्य सरकारने २०१५मध्ये बफरमधल्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. गॅस, शेताला कुंपण, अशी कामं त्यात गावाच्या समितीमार्फत होतात. बफरमधल्या पर्यटनाचा पैसाही अशा समित्यांपर्यंत पोचतो. त्या घरी बाथरूममधलं गरम पाणी बादलीने यायचं, हे खरं. पण आपण दिलेले पैसे कुठे गेले हे ताटासमोर बसून कळत होतं.

हे सगळं लिहिताना आफ्रिकेची आठवण टाळता येत नाही, कारण आता मराठी माणूस केनियातल्या मसाई माराला मोठ्या संख्येने जातो. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली की माराच्या गेटवर मराठी हमखास कानावर पडतं. तिथली रचना वेगळी आहे. तिथे बहुतेक ठिकाणी गाडी चालवतो तोच गाईड, आणि तो कॅम्पचा किंवा टूर कंपनीचा माणूस असतो. म्हणजे कॅम्प निवडला की गाईडही निवडला जातो. केनियात गाईडांची एक व्यावसायिक संघटना आहे. ती परीक्षा घेऊन ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या देते. गवत, पक्षी, कीटक, तारे, मसाई समाजाची माहिती, पाहुण्यांची सुरक्षितता, सगळं विचारतात. 'सिंह किती वेळा दाखवला' असा प्रश्न तिथे नसतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात गाईडांच्या जी-१ आणि जी-२ अशा श्रेणी आहेत. श्रेणी असाव्यात, पण त्या कशावरून ठरतात याला महत्त्व आहे.

मारा म्हणजे आदर्श असं मात्र मुळीच नाही. मुख्य राखीव क्षेत्रात, नदी ओलांडायला विल्डबीस्टचे (मोठ्या कुरंगांचे) कळप जमले की काठावर गाड्यांचा कोट उभा राहतो. जुलै २०२५मध्ये त्याच मारा नदीवर, पण टांझानियाच्या बाजूला सेरेंगेटीत, पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर उभे राहिल्याचं आणि जनावरं त्यांच्यामुळे अडल्याचं जगाने पाहिलं. आपली उमरेड आणि त्यांची मारा नदी, गोष्ट एकच आहे. पण त्याच माराला लागून काही कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे राखीव क्षेत्राबाहेरची संवर्धन क्षेत्रं, आहेत, ओलारे मोटोरोगी, नाबोइशो अशी. तिथली जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. कॅम्पवाले ती भाड्याने घेतात, आणि दर महिन्याचं भाडं ठरलेलं असतं, पाहुणे आले तरी आणि नाही आले तरी. ओलारे मोटोरोगीत सातशे एकरांमागे एकच तंबू असा हिशेब आहे, आणि एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या थांबू देत नाहीत. सहावी गाडी लांब उभी राहते, आपली पाळी येईपर्यंत.

ही व्यवस्था टिकते ती मसाई लोक निसर्गावर जास्त प्रेम करतात म्हणून नव्हे. आमच्या गोंडांचंही जंगलावर कमी प्रेम नाही. ताडोबा हे नावच तारू या त्यांच्या देवावरून आलं आहे. वाघाशी लढताना मेलेला गावचा म्होरक्या देव झाला, तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरत असे. फरक प्रेमाचा नाही, ठरलेल्या उत्पन्नाचा आहे. पैसे ठरलेले असले की माणूस सहाव्या गाडीला थांबवू शकतो. २०२०मध्ये करोनाने पाहुणे बंद झाले तेव्हा तिथेही भाडं देणं जड गेलं, ही व्यवस्थाही नाजूक आहे. तरी तिच्यामागचा विचार मला आपल्यासाठी मोलाचा वाटतो.

आपल्या गाईडला सफारीमागे ठरलेलं मानधन मिळतं. पाळी आली तर मिळतं. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद, तेव्हा बहुतेक जण रोवणीला जातात, स्वतःच्या धानाच्या बांधीत किंवा दुसऱ्याच्या. वरची कमाई ती बक्षिशीची, आणि ती वाघावर टांगलेली. ही गाठ सोडवली पाहिजे. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गेटवर बक्षिशीची एकच पेटी असावी. ज्याला जे द्यायचं ते त्यात द्यावं, आणि ते सगळ्या गाईड-चालकांत, त्या दिवशी वाघ कुणाला दिसला हे न बघता, सारखं वाटलं जावं. हाताहाती पैसे देणं बंद. बंद हंगामातल्या तीन महिन्यांसाठी प्रवेशशुल्कातून गाईडांना ठरावीक रक्कम मिळावी आणि त्या काळात त्यांच्याकडून पाणवठ्यांची, वणव्यानंतरच्या रोपांची, पक्ष्यांच्या नोंदींची कामं करून घ्यावीत. ज्या गाईडने नियम मोडायला नकार दिला म्हणून पाहुण्यांनी तक्रार केली, त्याच्या पाठीशी वनविभागाने लेखी उभं राहावं. आज पाहुण्याच्या तक्रारीची भीती त्याला वाघापेक्षा जास्त वाटते.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५मध्ये कॉर्बेटच्या प्रकरणात निकाल देताना कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाईलला मनाई केली. ताडोबात तो आधीपासूनच गेटवर ठेवावा लागतो. त्याचा फरक मी पाहिला आहे. पूर्वी एका चालकाला वाघ दिसला की दहा मिनिटांत वीस गाड्या धुरळा उडवत यायच्या. मोबाईल गेला तसा तो पूर कमी झाला. म्हणजे वाईट सवयी माणसांच्या रक्तात नसतात, सोय काढून घेतली की त्या सुटतात. बक्षिशीचंही तेच होईल असं मला मनापासून वाटतं.

चांगला गाईड काय देऊ शकतो हे आपण त्याला कधी विचारतच नाही. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने गोंड राजवटीतले दगडी खांब उभे आहेत. राजा येतोय हे कळावं म्हणून त्यांच्यावरून दोर ओढून घंटा वाजवत, अशी आख्यायिका सांगतात. माझ्या चौथ्या की पाचव्या फेरीपर्यंत मला ते खांब कुणी दाखवले नव्हते. दोष गाईडांचा नव्हता, आमची गाडी तिथून नेहमी पुढच्या पाणवठ्याकडे धावत असायची. त्याच रस्त्यावर पांढऱ्या खोडाच्या कढईच्या झाडावर अस्वलाच्या नख्यांचे ओरखडे असतात. वारुळ फोडून अस्वल वाळवी कशी ओढून घेतं, हे गाईडने तोंडाने आवाज काढून दाखवलं होतं, तो आवाज मी अजून विसरलेले नाही. रानकुत्र्यांची टोळी शिकारीनंतर पिल्लांना आधी खाऊ देते हे मी पुस्तकात वाचण्याआधी जामणीच्या मैदानाकडे बघत एका गाईडकडून ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो, आई, भाऊ, वहिनी आणि मी. या वेळी गेटच्या आत शिरायच्या आधीच भावाने गाईडच्या हातात पाकीट दिलं. पेटी अजून नाही, म्हणून हा आमचा आपला उपाय. गाईड विशीतला होता, गोंधळला. "आधीच कायले दादा? अजून त काहीच पाह्यलं नाही." भाऊ म्हणाला, "आज काही दिसलं नाही तरी हे तुझंच. आणि तू म्हणशील तिथे थांबू, तू म्हणशील तेव्हा मागे फिरू."

त्याने पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. चालकाकडे पाहिलं, मग आमच्याकडे वळला. "मंग आज काय पाह्याचं हाये तुमाले?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आईच शेवटी म्हणाली, "आधी ते खांब दाखव बाबा. नीट, थांबून."